अकरावं नाव

स्टाना मावशी फाटकातून आत येताना सगळ्यात आधी रायकोला दिसली, आणि त्याच्या हातातली ब्रँडी ग्लासाच्या बाहेर, बोझोकाकांच्या बाहीवर ओतली गेली.

"अरे, आत ओत, आत," बोझोकाका म्हणाले. "बाही पीत नाही."

रायको सकाळपासून उभा होता. कुळाच्या संताच्या दिवशी घरच्या यजमानानं बसायचं नसतं. बाप होता तोवर बाप उभा राहायचा. बाप गेल्यापासून, आठ वर्षं झाली, रायको. गुडघे दुखतात म्हणून यंदा त्यानं बुटांत मऊ गाद्या घातल्या होत्या आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मावशीनं तेवीस वर्षांत या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. रायकोच्या लग्नाला आली नाही. त्याच्या बापाच्या मयतीला आली, पण स्मशानातून परस्पर परत गेली. जेवायला थांबली नाही. आता वीस जानेवारीच्या त्या कडाक्याच्या थंडीत ती काळा कोट घालून, डोक्याला काळा रुमाल बांधून अंगण ओलांडत होती आणि तिचे दोन्ही हात रिकामे होते. या दिवशी रिकाम्या हातानं कोणी येत नाही. निदान कॉफीची पुडी तरी असते.

आमंत्रण मात्र कुणालाच द्यायचं नसतं. ज्याला दिवस आठवतो तो येतो, आणि आलेल्याला कोणी परतवत नाही. म्हणून तर दुपारी दोनलाच खोलीत चौदा माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि अजून किती येणार हे संतालाच ठाऊक.

"सण सुखाचा जावो, यजमान," मावशी दारात म्हणाली.

"ये मावशी, आत ये. थंडीत..."

"संतासाठी आलेय. तुमच्यासाठी नाही."

"बरं, मग संत आतच आहे," रायको म्हणाला. नंतर त्याला वाटलं, बरं सुचलं.

दाराशीच वेस्ना, त्याची बायको, गव्हाचं ताट घेऊन उभी होती. शिजवून कुटलेला गहू, अक्रोड, वर साखरेचा पांढरा थर आणि लवंगांचा क्रूस. येणाऱ्यानं छातीवर क्रूसाची खूण करायची, एक चमचा खायचा, उष्टा चमचा पाण्याच्या ग्लासात टाकायचा आणि मग बसायचं. मावशीनं ताटाकडे पाहिलं. संतासमोर तेवणाऱ्या मेणबत्तीकडे पाहून क्रूसाची खूण केली आणि ताटाला वळसा घालून ती सरळ खिडकीखालच्या खुर्चीवर जाऊन बसली.

चौदाच्या चौदा माणसांनी ते पाहिलं, आणि सगळे एकदम हवेबद्दल बोलू लागले.

रायको चौकटीला टेकला. समोरच्या सोफ्यावर राडा बसली होती. आज तिनं ओठांना लाली लावली होती, साठाव्या वर्षी. मावशीला पाहून ती अर्धवट उठली, पुन्हा बसली, आणि मांडीवरची पर्स अशी धरली जणू कोणी ओढून नेणार आहे.

झालं, रायकोनं मनात म्हटलं. आणि तीन वाजता बहिणीची, सेन्काची मुलाखत.

*

आईच्या शिवणाच्या खोलीत, शिवणयंत्रावर आडवी फळी टाकून सेन्कानं लॅपटॉप ठेवला होता. मागच्या भिंतीवर आईनं शिवणाच्या मापासाठी कापून ठेवलेले कागदी पोशाख टांगलेले होते. ते कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून तिनं एक चादर ठोकली होती. चादरीवर मोठाले गुलाब होते. आता गुलाब दिसत होते.

"मावशी आलीय," रायको दार लोटून म्हणाला.

"कुठली मावशी?"

"आपल्याला दुसरी आहे का?"

सेन्का खुर्चीवर हळूच बसली. "गहू घेतला?"

"नाही."

"राडा?"

"आहे. लाली लावून बसलीय. तुझ्या मुलाखतीतली साक्षीदार." तो जरा घुटमळला. "सेन्का, त्यांना फोन करून उद्यावर नाही का ढकलता येणार? सांग ना, आमचा सण आहे."

"सांगता आलं असतं. मग त्यांनी कागदावर लिहिलं असतं: चांगली बाई, पण स्थानिक."

हा शब्द रायकोलाही पाठ झाला होता. सेन्का वरच्या जागेसाठी तिसऱ्यांदा अर्ज करत होती. पंचवीस वर्षं ती निर्वासितांचंच काम करत होती. आधी ज्या छावणीत ती स्वतः राहायची तिथेच दुभाषी, मग यादी करणारी कारकून, मग सीमेवरच्या तंबूंची प्रमुख, मग साऱ्या देशातल्या कामाची. तिच्या डोक्यावर दर दोन वर्षांनी बाहेरून नवा साहेब यायचा आणि सेन्का त्याला बाजारात टोमॅटो कुठे मिळतात इथपासून शिकवायची. दोनदा तिनं त्या वरच्या खुर्चीसाठी अर्ज केला. दोन्हीदा उत्तर आलं: उत्कृष्ट स्थानिक उमेदवार. आणि नेमणूक टोमॅटोवाल्याची.

आताची जागा त्याहून वरची होती. अम्मानला बसून सहा देशांतलं काम, दोन हजार माणसं हाताखाली. अर्ज केल्याचं तिनं सात जानेवारीला, त्यांच्या नाताळाच्या जेवणावेळी सांगितलं होतं. त्या दिवसापासून दोन आठवडे आई, योका, या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. फक्त सेन्काच्या खोलीतला हिटर जास्त वेळ चालू ठेवायला लागली होती, जणू मुलगी उबेनं थांबते.

"आणि मिळाली तर?" रायकोनं विचारलं. "आईचं काय?"

"आईचं काय म्हणजे? तू आहेस ना."

"मी आहेच," रायको म्हणाला. "मी काय, मी नेहमीच आहे." आणि बाहेर बोझोकाकांनी घसा खाकरला तसा तो पळाला. बोझोकाका गायला लागले की अर्धा तास थांबत नाहीत, आणि आजच्या दिवशी पाहुण्याला गप्प बस म्हणणं पाप. रायकोनं यावर उपाय शोधला होता. तोंडात घास असला की माणूस गात नाही. तो हॅमची ताटली घेऊन त्यांच्यामागे उभाच राहणार होता.

एकटी राहिल्यावर सेन्कानं गुलाबांकडे पाहिलं. तिला प्रश्न पाठ होते, उत्तरं पाठ होती. पण आता खिडकीखालच्या खुर्चीवर मावशी होती, आणि डोक्यात दोन हजार दोनचा मार्च.

दहा घरांच्या विटा आल्या होत्या. सिमेंट, कौलं, दोन खिडक्या, एक दार, असे दहा संच. छावणीत जमिनीचा तुकडा असलेली कुटुंबं अकरा. गुण मोजायचे नियम वरून आलेले: मुलं किती, आजारी कोण, म्हातारं कोण. यादी करणारी चोवीस वर्षांची सेन्का. दहावं नाव राडाचं निघालं, नवरा नाही, चार पोरं. अकरावं स्टाना मावशीचं. एका गुणानं खाली. मावशीच्या नवऱ्याच्या, लाझोकाकांच्या छातीच्या आजाराचा दाखला असता तर दोन गुण वाढले असते. दाखल्याची मुदत बुधवार. मावशी तो घेऊन शुक्रवारी आली.

*

तीन वाजता पडद्यावर तीन चेहरे उगवले. मधे अध्यक्ष, मिसेस नाकाटो, युगांडाच्या, पांढरे बारीक केस. डावीकडे चष्म्यातला एक गृहस्थ. उजवीकडे बेलग्रेडहून जोडलेली दुभाषी बाई, साक्षीदाराचं बोलणं समजावं म्हणून.

तासभर नीट गेलं. चष्म्यातल्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही देशाबाहेर कधी काम केलेलं दिसत नाही."

"माझा जन्म झाला ते गाव आता दुसऱ्या देशात आहे," सेन्का म्हणाली. "म्हणजे सुरुवातच देशाबाहेरची. सतराव्या वर्षी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आत आले. नऊ दिवस लागले."

मिसेस नाकाटोंनी पहिल्यांदा पेन उचललं.

मग राडाला बोलावलं. राडा आली, गुलाबांच्या चादरीसमोर ताठ बसली आणि दोन आठवडे घोकलेलं एका दमात म्हणून मोकळी झाली: सेन्का म्हणजे देवदूत, सेन्का म्हणजे माझ्या पोरांचं छप्पर, मोठी नर्स आहे, दोघं जर्मनीत, धाकट्याचं गॅरेज. दुभाषी बाईनं भाषांतर केलं. पडद्याला हात हलवून राडा बाहेर गेली.

मिसेस नाकाटोंनी काहीच लिहून घेतलं नाही.

"सेन्का," त्या म्हणाल्या, "इथवर पोचलेला प्रत्येक जण आम्हाला एक कृतज्ञ माणूस देतो. मला उपकार मानणाऱ्यांकडून फारसं कळत नाही. या खुर्चीवर बसलेल्याला दिवसातून दहादा नाही म्हणावं लागतं. तुम्ही जिला नाही म्हटलं, अशी कोण? आणि ती आमच्याशी बोलेल का?"

सेन्काला एक उत्तर तयार मिळत होतं: आमचा संबंध राहिलेला नाही. आज दुपारी दोनपर्यंत ते खरंही होतं.

"ती बाहेरच्या खोलीत बसलीय," सेन्का म्हणाली. "येईल की नाही, सांगता येत नाही. आली तर काय बोलेल ते मात्र मला नीट ठाऊक आहे."

"मग विचारा," मिसेस नाकाटो म्हणाल्या.

*

सगळ्या खोलीसमोर सेन्का खिडकीखालच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. बोझोकाकांनी घास चावायचा थांबवला. स्वयंपाकघराच्या दारात योका, हातात भांड्याचं फडकं, तशीच थांबली.

"मावशी, ती माणसं तुझ्याशी बोलायचं म्हणतायत."

"कोण माणसं?"

"मला नोकरी द्यायची की नाही ते ठरवणारी. त्यांना मी नाही म्हटलेलं माणूस हवंय."

"अस्सं." स्टानानं रुमालाची गाठ घट्ट केली. "म्हणजे तेवीस वर्षांनी मी कामाला आले. तुझी नोकरी व्हावी म्हणून मी तुझं कौतुक करायचं?"

"नाही. खरं सांगायचं. खरं सांगितलंस तर नोकरी जाईलही."

"मग येते," स्टाना म्हणाली आणि उठली.

कुणीतरी हसलं. रायकोनं त्याच्या तोंडात हॅमचा तुकडा कोंबला.

शिवणाच्या खोलीत शिरताच स्टानाला कागदी पोशाखांचा तो ओळखीचा वास आला. योका लहानपणीही असेच कागद कापायची, वर्तमानपत्राचे. योका अधूनमधून फोन करायची, परवाही तिनंच केला होता. कारण सांगितलं नाही. म्हणाली, "सोमवारी ये." एवढंच. संताच्या दिवशी बोलवायचं नसतं हे योकाला कोणी शिकवायला नको, तरी तिनं बोलावलं. रीत मोडून बोलावलेल्याला येणं भाग असतं. स्टाना दोन रात्री चिडून बसली आणि आज सकाळी बस धरली.

पडद्यावरच्या काळ्या बाईनं काहीतरी म्हटलं. दुभाषी बाई म्हणाली, "मोकळेपणानं बोला, ताई. मी भाषांतर करीन."

"तुम्ही नाही," स्टाना म्हणाली. "ही करेल. माझं गाऱ्हाणं मला हिच्या तोंडून ऐकायचंय. हिनं चुकवलं की तुम्ही पकडा."

दुभाषी बाईनं विचारलं, पडद्यावर मान हलली. सेन्कानं खुर्ची ओढून मावशीच्या शेजारी घेतली. कशी बसली होती ती त्या दिवशी, ते स्टानाला आठवलं. पाठ अशीच सरळ.

"सात वर्षं आम्ही शाळेच्या व्यायामशाळेत राहिलो," स्टानानं सुरुवात केली. "पुठ्ठ्याच्या भिंती. ओल इतकी की भाकरी रात्रीतून हिरवी व्हायची. माझ्या नवऱ्याची छाती वाजायची, पलीकडची पोरं रात्री म्हणायची, लाझोकाकांचं इंजिन सुरू झालं. मग विटा आल्या. यादी करणारी माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. मला वाटलं, देव पावला."

सेन्का सांगत होती. स्टानाला ती भाषा येत नव्हती, पण वाक्यांची लांबी कळत होती. ती कमी-जास्त होत नव्हती.

"दाखल्याला डॉक्टर मिळेना. बर्फ होतं, बस नव्हती. मी एकोणीस किलोमीटर चालत गेले. आले तेव्हा शुक्रवार. हिनं मला खुर्ची दिली. पाणी दिलं. दाखला पूर्ण वाचला. आणि दोन्ही हातांनी मला परत केला. म्हणाली, मावशी, मुदत बुधवारी संपली. आजचा घेतला तर कालच्या तिघांचे का नाही घेतले, हे मला त्यांना सांगता येणार नाही."

सेन्कानं तेही सांगितलं, शब्दाला शब्द.

"दोन वर्षांनी लाझो त्याच खोलीत मेला."

इथे स्टानानं दुभाषी बाईकडे पाहिलं. काही माणसं इथे 'गेला' म्हणतात, 'सुटला' म्हणतात. सेन्का काहीतरी छोटं, कोरडं बोलली. दुभाषी बाईनं मान हलवली. मेलाच म्हणाली होती.

भिंतीपलीकडे राडाचं हसू ऐकू आलं, घाबरल्यासारखं, तुटक.

काळ्या बाईनं विचारलं, आणि सेन्कानंच ते मावशीला सांगितलं, जमिनीकडे बघत: "त्या विचारतायत, ती यादी तुझ्या हातात असती तर?"

स्टाना पटकन बोलणार होती. तेवीस वर्षं हे उत्तर तिच्या तोंडात तयार होतं. पण भिंतीपलीकडे ती बाई हसत होती, आणि त्या बाईची चार पोरं स्टानानं पाहिलेली होती. सर्वांत धाकटा पुठ्ठ्याच्या भिंतीला जीभ लावायचा, मिठाची चव लागते म्हणून.

"मी माझ्या माणसाला दिल्या असत्या," ती म्हणाली. "त्या चार पोरांना ओलीत ठेवलं असतं. आणि मला झोप लागली असती. शांत, रोज. माणसाचं असंच असतं, बाई. हिला लागत नाही. हिची आई सांगते मला, चार वाजेपर्यंत दिवा असतो." तिनं दम घेतला. "मी हिला माफ केलेलं नाही. हे लिहा. आणि खुर्चीवर हिलाच बसवा, हेही लिहा. ज्याला झोप लागते त्याला बसवू नका."

माफ केलं नाही, इथपर्यंत सेन्कानं सांगितलं. मग तिनं ओठ मिटले.

"पुढचं सांग," स्टाना म्हणाली.

"ते मला नाही सांगता येत, मावशी."

"सगळं सांगायचं ठरलं होतं."

"तुझं गाऱ्हाणं सांगायचं ठरलं होतं. हे गाऱ्हाणं नाही."

तेव्हा बेलग्रेडच्या त्या अनोळखी बाईनं, जिला स्टानानं भाषांतर करू दिलं नव्हतं, उरलेली वाक्यं सांगितली. सावकाश, एकही शब्द न गाळता.

मिसेस नाकाटोंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "निकाल महिन्याअखेर कळवू. आज सहा वाजेपर्यंत एवढं पाठवा, की निवड झाली तर कुठल्या तारखेपासून रुजू व्हाल. हे आम्ही शेवटच्या दोनच उमेदवारांना विचारतोय."

*

बाहेर येऊन स्टाना दाराशी गेली. सगळ्यांना वाटलं निघाली. वेस्नाकडून तिनं ताट स्वतःकडे ओढलं, चमचा घेतला, क्रूसाची खूण केली, गहू खाल्ला. चघळला. उष्टा चमचा पाण्यात टाकला.

"साखर कमी आहे," ती म्हणाली.

"मापात घातलीय, मावशी," वेस्ना म्हणाली.

"दर वर्षी कमीच असते."

रायको उभ्या उभ्या वळला. "दर वर्षी? तू तर दर वर्षी..."

योका फडक्यानं कोरडं भांडं पुसायला लागली.

"आई?" सेन्का म्हणाली.

"एक डबा पाठवायचे," योका भांड्याला म्हणाली. "संताचा प्रसाद आहे. त्याचं भांडण आहे का कोणाशी?"

"मला काय ठाऊक कोण पाठवतं!" स्टाना भडकली. "दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली असायची. बेल वाजायची, बघते तर कोणी नाही. चवीवरून ओळखलं, योकाशिवाय इतका कंजूस हात कुणाचा? पण आणतं कोण..."

"मी," सोफ्यावरून राडा म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. राडाची लाली हनुवटीपर्यंत आली होती.

"तू? तेवीस वर्षं तू माझ्या दाराला पिशवी अडकवून पळायचीस?"

"आता पळणं होत नाही," राडा म्हणाली. "दोन वर्षं झाली, लिफ्टमागे लपते. भीती वाटायची हो तुमची. तुमच्या जागी मी... माझ्या घराच्या विटा..." पुढचं तिला जमेना. पर्स उघडून ती रुमाल शोधायला लागली.

स्टाना ताटापासून निघाली. मग सोफ्यावर, राडाच्या आणि बोझोकाकांच्या मधे, होती नव्हती तेवढी जागा करून बसली.

"सरक," ती राडाला म्हणाली. "आणि पुस ते तोंड. सर्कशीतून आल्यासारखी दिसतेस."

बोझोकाकांनी घास गिळला आणि कोणी काही करायच्या आत गाणं सुरू केलं. रायकोनं हॅमची ताटली खाली ठेवली. गाऊ देत.

*

साडेपाचला मेणबत्तीवर वाइन शिंपडून रायकोनं ती विझवली आणि सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीवर बसला. बसताना जो आवाज त्यानं काढला त्याला वेस्ना हसली.

स्वयंपाकघरात दोघी बहिणी उरलेल्या कोबीच्या पानगुंडाळ्या एका पातेल्यात भरत होत्या आणि त्या किती तास शिजवायच्या यावर भांडत होत्या. सेन्का लॅपटॉप घेऊन टेबलाशी आली.

"आई, आमंत्रण कशाला दिलंस? या दिवसाचं?"

योकानं झाकण लावलं. "तू गेल्यावर भांडायला मला कोणी नको?" ती म्हणाली. "रायको भांडत नाही. तो नुसता हो म्हणतो."

"हो," बाहेरून रायको म्हणाला.

सेन्काला हसता आलं नाही. आईनं 'गेल्यावर' म्हटलं होतं. 'गेलीस तर' नाही. दोन आठवडे जी गप्प होती ती कधीच ठरवून बसली होती.

"सहाच्या आत तारीख कळवायचीय," सेन्का म्हणाली. "कधीपासून येते म्हणून."

"ईस्टरनंतर," योका लगेच म्हणाली. "अंडी रंगवायला इथे हवीस. तुझ्या हातचा लाल रंग नीट बसतो."

"अंडी मी रंगवीन," स्टाना म्हणाली. "पण मे महिन्याआधी नको. वाळवंटात उन्हाळ्याआधी कोण जातं? नाही, उन्हाळ्यानंतर. ऑक्टोबर लिही."

"ऑक्टोबर! तोवर खुर्ची राहते होय?"

"मग तू म्हण की लवकर."

"मी कुठे लवकर म्हटलं? मी ईस्टर म्हटलं."

"ईस्टर लवकरच आहे!"

सेन्कानं दोघींचं ऐकून घेतलं. दोघींना वाटलं, ती विचार करतेय. तिनं लिहिलं, पुन्हा एकदा वाचलं आणि बोट टेकवून पाठवून दिलं.

"काय लिहिलंस?" योकानं विचारलं.

"एक मार्च."

"पण आम्ही अजून..."

"साडेपाच वाजून गेले होते, आई. सहाची मुदत होती."

योकानं बहिणीकडे पाहिलं. मुदत या मुलीच्या हातात गेली की पुढे काही बोलण्यात अर्थ नसतो, हे त्या स्वयंपाकघरात स्टानाइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"तिला काय विचारतेस," स्टाना म्हणाली, आणि साखरेचा डबा खाली काढला. "गहू उरलाय ना? आण इकडे. जायच्या आधी हिला भरवू, निदान या वर्षी तरी गोड होऊ दे."